खारीचं पिल्लू सापडलं तर
(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं)

आज आपण एका अगदी लहान जिवाविषयी बोलणार आहोत. अंगणात, परसात, शाळेच्या वाटेवर खारीचं पिल्लू पडलेलं सापडतं. डोळे मिटलेले, अंग गुलाबी, आकार आपल्या करंगळीएवढा. पोरं ते ओंजळीत घेऊन घरी येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "आई, याला दूध देऊ?" या प्रश्नाचं उत्तर "लगेच नको" असं आहे. का नको आणि मग काय करायचं, हे आज सांगतो.

आम्ही अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत राहणाऱ्या बायका. मुंबईत कसल्या खारी, असं तुम्हाला वाटेल. पण इथं खारी भरपूर. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं शंभरावर चौरस किलोमीटरचं जंगल पसरलंय. गोरेगावला आरेची झाडी आहे. आणि जिथं सोसायटीच्या आवारात दोन नारळ, एक आंबा आणि एक बदाम आहे तिथंही खार असतेच. ती घरटं बांधते ते नारळाच्या शेंड्यात, झाडाच्या बेचक्यात, नाहीतर सरळ आमच्या खिडकीच्या जाळीत, एसीच्या बाहेरच्या डब्यामागे, मीटरच्या पेटीत. काथ्या, कापूस, गवत, पायपुसण्याचे धागे, जे मिळेल ते तोंडात धरून नेते. तुमच्याकडे हेच घरटं कौलाखाली, माळ्यावर, गवताच्या गंजीत सापडेल.

पिल्लं खाली पडतात ती बहुतेक माणसाच्या कामामुळे. इकडे पावसाळ्याआधी महापालिका झाडांच्या फांद्या छाटते, त्याच वेळी सोसायट्याही नारळ साफ करून घेतात. तुमच्याकडे पावसाच्या तोंडावर घर शाकारतात, कौलं चाळतात. वादळवारा असतोच. एका वेळी खारीला साधारण दोन-तीन पिल्लं होतात, म्हणून एक सापडलं की आजूबाजूला आणखी आहेत का ते नीट बघा. उंदराचं पिल्लू समजून कुणी फेकून देतं. खारीच्या पिल्लाच्या पाठीवर काही दिवसांतच पट्ट्यांच्या फिक्या रेषा दिसू लागतात, ती खूण.

आधी ऊब

नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आईच्या पोटाशी आणि भावंडांत गुरफटून ते गरम राहतं. खाली पडलं की तासाभरात गार पडतं. गार अंगात दूध पचत नाही, ते पोटात तसंच राहून फुगतं, आणि पिल्लू त्यानंच दगावतं. म्हणून नियम लक्षात ठेवा: आधी ऊब, मग पाणी, मग दूध.

पुठ्ठ्याचं लहान खोकं घ्या. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा मऊ तुकडा घडी करून आत घाला. टॉवेल नको, त्याच्या फासांत बारीक नखं अडकतात. सुटा कापूसही नको, त्याचे तंतू पायांना गुंडाळतात. बाटलीत गरम पाणी भरा, कापडात गुंडाळा आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा. बाटली आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, चटका बसता कामा नये. खोक्याची दुसरी बाजू मोकळी राहू द्या. फार उकडलं तर पिल्लू तिकडे सरकेल. पाणी गार झालं की बदला. पिल्लू हातात घ्यायच्या आधी आणि नंतर साबणानं हात धुवा.

ऊब देतानाच त्याला नीट तपासा. अंगावर मुंग्या असतील तर मऊ ब्रशनं किंवा कापडानं एकेक काढा. कान, नाक आणि शेपटीखालची जागा विसरू नका. रक्त येत असेल, पाय लोंबत असेल किंवा मांजरानं तोंडात धरलं असेल, तर घरी उपचार करत बसू नका. मांजराच्या दाताची खूण दिसतही नाही, पण तिच्या लाळेतल्या जंतूंनी पिल्लू एक-दोन दिवसांत मरतं. त्याला औषध लागतं, आणि ते पशुवैद्यकीय डॉक्टरच देऊ शकतात.

आईला संधी द्या

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिल्लू अनाथ आहे असं आपण धरून चालतो, पण बहुतेक वेळा आई जवळच असते. ती झाडावर चिरचिरत असते, आपल्या गर्दीला भिऊन खाली येत नाही. "माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही" असं आपल्या आज्या सांगत आल्या. खारीच्या बाबतीत ते खरं नाही. ती पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. एक घरटं मोडलं तर ती दुसरं गाठते.

म्हणून पिल्लू गरम झालं आणि जखम नसली, की त्याला आईकडे परत द्यायचा प्रयत्न आधी करायचा. एक लहान टोपली किंवा उघडं खोकं घ्या. मोडलेलं घरटं मिळालं तर त्यातलाच काथ्या-कापूस आत घाला. कापडात गुंडाळलेली कोमट बाटली बाजूला ठेवा. ज्या झाडाखाली पिल्लू सापडलं त्याच झाडाला, सावलीत, मांजराच्या उडीच्या वर टोपली घट्ट बांधा. कुत्री-मांजरं बांधून ठेवा, पोरांना घरात बोलवा आणि लांबून बघत राहा. कावळ्यांवर नजर हवी.

दोन-तीन तास वाट बघा. पिल्लाची ऊब टिकलेली असावी लागते, कारण गार पिल्लू ओरडत नाही आणि न ओरडणाऱ्या पिल्लाकडे आई येत नाही. खार दिवसा वावरते, रात्री नाही. अंधार पडायच्या आत आई आली नाही तर पिल्लू घरात घ्या आणि सकाळी पुन्हा तिथंच ठेवून बघा. आई एकेक करून पिल्लं नेते, त्यामुळे एक नेल्यावर लगेच उरलेलं उचलू नका.

आमचा हात कितीही मायेचा असला तरी आईची सर त्याला येत नाही. लव न आलेलं पिल्लू हातावर जगवणं फार अवघड असतं. सगळं नीट करूनही काही पिल्लं जातात. म्हणून या दोन-तीन तासांच्या धीरातच त्याच्या जगण्याची सगळ्यात मोठी आशा आहे.

आई आलीच नाही तर

आता फोन करायचा. महाराष्ट्र वन विभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांक आहे १९२६. गावाकडे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचं कार्यालय किंवा वनरक्षक आणि तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वन विभागाचं बचाव पथक आहे, आणि परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं जुनं रुग्णालय आहे. खार हा वन्यप्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या देशात तिला पिंजऱ्यात घालून पाळता येत नाही. आपण करायची ती मदत पोचेपर्यंतची काळजी.

पण मदत यायला रात्र जाते, कधी दोन दिवस जातात. तेवढ्या वेळासाठी पाजण्याची रीत माहीत हवी.

पहिल्या एक-दोन वेळा दूध नको, पाणीच. आशाताईंकडे मिळणारी ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा, त्यातलं थोडं कोमट करून द्या. पिल्लाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती तशीच उभी राहिली, तर अंगातलं पाणी कमी झालंय असं समजा.

त्यानंतर दूध. गाईचं किंवा म्हशीचं दूध देऊ नका. ते खारीच्या पिल्लाला पचत नाही, हगवण लागते, पोट फुगतं. साखर, मध, बिस्किट, केळं यांतलं काहीही नको. कुत्र्याच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, ती सगळ्यात जवळची. अंधेरी-घाटकोपरला ती प्राण्यांच्या दुकानात मिळते, तुम्हाला तालुक्याच्या डॉक्टरांकडे विचारावं लागेल. ती मिळेपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्यानं शेळीचं दूध चालवून घेता येतं. गाई-म्हशीच्या दुधापेक्षा ते त्यातल्या त्यात सोसतं.

पाजायला औषधाच्या दुकानातली १ मिलीची सिरिंज घ्या आणि सुई काढून टाका. पिल्लाला उताणं धरू नका. पोटावर, डोकं किंचित वर, जसं ते आईच्या पोटाशी असतं तसं कापडात धरा. ओठाला एक थेंब लावा, ते चाटेल. मग एकेक थेंब, त्याच्या गतीनं. पिचकारी मारू नका. दूध नाकातून आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करा, नाक पुसा. दूध श्वासात गेलं की फुप्फुसात उतरतं आणि निमोनिया होतो. हातावर वाढवताना पिल्लं दगावण्याचं हे मोठं कारण आहे, म्हणून घाई नाही.

किती पाजायचं? वजनाच्या वीस भागांतला एक भाग. पिल्लू १० ग्रॅमचं असेल तर एका वेळी अर्धा मिली, २० ग्रॅमचं असेल तर १ मिली. पापड-मसाल्याची पाकिटं भरणाऱ्या गटांकडे लहान डिजिटल काटा असतोच, त्यावर वजन करा आणि रोज वहीत लिहा. गुलाबी पिल्लाला दर दोन तासांनी, रात्री एक-दोनदा उठूनही. लव आली की दर तीन तासांनी. साधारण तीन आठवड्यांच्या सुमारास डोळे उघडतात, मग दर चार तासांनी. रात्रीची जागरणं एकीवर पडली तर ती थकते. गटानं पाळ्या लावून घ्याव्यात.

एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. डोळे मिटलेल्या पिल्लाला स्वतःहून शू-शी होत नाही. आई चाटून ती करवते. म्हणून प्रत्येक वेळी पाजल्यावर कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून, पिळून, शेपटीखाली हलकेच फिरवा. हे केलं नाही तर पोट तटतटतं. नंतर तोंडावरचं सांडलेलं दूध पुसून पिल्लू पुन्हा उबेत ठेवा.

मोठं होताना

डोळे उघडल्यावर हळूहळू कोवळी पानं, फळांचे बारीक तुकडे कुरतडायला द्यावे. नुसते शेंगदाणे देऊ नका. पिल्लाला ते आवडतात, पण त्यात कॅल्शियम कमी, आणि हाडं ठिसूळ होऊन पाय वाकतात. दात झिजायला झाडाची डहाळी ठेवा. दूध सुटायला अडीच महिने लागतात. एवढा काळ सांभाळायची वेळ आलीच तर ती वन विभागाच्या माहितीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

या काळात लाड आवरावे लागतात. पोरांच्या खांद्यावर खेळणारी खार मोबाईलच्या व्हिडिओत गोड दिसते. पण माणसाला, कुत्र्याला न भिणारी खार झाडावर सोडली की पहिल्या मांजराच्या तोंडी जाते. पाजायला एक-दोन ओळखीचेच हात असावेत, बाकीच्यांनी लांबून बघावं. सोडतानाही एकदम सोडत नाहीत. इतर खारी असलेल्या झाडाजवळ पिंजरा ठेवतात, काही दिवसांनी दार उघडतात, आणि ती स्वतः हिंडू लागेपर्यंत तिथं खाणं ठेवतात. कुणाला खार चावलीच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पडूच नये म्हणून

हे सगळे कष्ट वाचवायचा एक सोपा मार्ग आहे. फांदी तोडायच्या आधी, नारळ साफ करायच्या आधी, कौलं उतरवायच्या आधी, गंजी मोडायच्या आधी वर बघा. खार तोंडात काथ्या घेऊन एकाच जागी ये-जा करत असेल तर तिथं घरटं आहे. काम करणाऱ्या दादांना सांगा. काम दीड-दोन महिने पुढं ढकलता आलं तर पिल्लं आपली आपण बाहेर पडतात. ढकलता येत नसेल तर तेवढी एक फांदी, तेवढा एक कोपरा राखा.

खारी चिकू कुरतडतात, शेंगा पळवतात, हे आम्हाला माहीत आहे, आणि त्यांच्यावर चिडायचा तुम्हाला हक्क आहे. पण सेतूच्या वेळी वाळूचे कण वाहिलेल्या खारीची गोष्ट आपण सगळ्याच जणी पोरांना सांगतो, आणि "खारीचा वाटा" हा शब्द आपल्या बैठकीत दर महिन्याला कुणीतरी वापरतं. तिच्या पिल्लासाठी आपला वाटा एवढाच: एक खोकं, एक बाटली गरम पाणी आणि दोन तासांचा धीर.

येत्या बैठकीत १९२६ हा क्रमांक आणि तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.