पूल बंद झाला, गावाचं नाव बदललं, पण बाईकवरच्या जीपीएसला हे कोण सांगणार?

समजा, ऑक्टोबर २०२२ चा शेवट आहे. पुण्याहून आलेला एक बाईकवाला अकोल्यात मुक्काम करून सकाळी तेल्हाऱ्याला निघालाय. पुढचा बेत नरनाळा किल्ला आणि मेळघाटचा. हँडलवर जीपीएसचं डबडं लावलंय. त्यात 'तेल्हारा' टाकलं, निळी रेष आली, गाडी निघाली. रेष सरळ उत्तरेला, गांधीग्रामवरून पूर्णा नदी ओलांडून अकोटच्या दिशेने.

गांधीग्रामच्या अलीकडे टपरीवर चहा घेताना कोणीतरी विचारतं, "कुठी चालले भाऊ?" तेल्हाऱ्याला म्हटल्यावर उत्तर येतं, "पूल बंद हाये ना बावा. वापस फिरा."

हा बाईकवाला काल्पनिक आहे, पण पूल खरा आहे. अकोला-अकोट रस्त्यावरच्या गांधीग्रामच्या ब्रिटिशकालीन पुलाला तडे गेल्याचं लक्षात आल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यावरची वाहतूक बंद झाली. अकोट आणि पलीकडच्या गावांना अकोल्याला जायला मोठा फेरा पडू लागला. पुढच्याच महिन्यात अकोला-अकोट रेल्वे सुरू झाली तेव्हा लोकांना हायसं वाटलं. नंतर नदीत कमी उंचीचा पर्यायी पूल बांधला गेला, पण पूर्णेला पूर आला की तोही पाण्याखाली.

या सगळ्या घडामोडीत त्या डबड्यातली निळी रेष मात्र जागची हलली नाही. का? तर विषय इथूनच सुरू होतो.

उपग्रहाला रस्ता माहीतच नसतो

बहुतेकांचा समज असा की जीपीएस म्हणजे वरून उपग्रह आपल्याला बघतोय आणि रस्ता दाखवतोय. तसं काही नसतं. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत एकच गोष्ट पाठवत राहतात : आत्ता माझ्या घड्याळात किती वाजले आणि मी कुठे आहे. तुमचं यंत्र किमान चार उपग्रहांचे असे सिग्नल पकडतं, प्रत्येक सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं आणि स्वतःची जागा ठरवतं. उपग्रहाचं काम तिथेच संपलं.

रस्ता, पूल, पेट्रोल पंप, एकेरी वाहतूक, गावाचं नाव हे सगळं यंत्राच्या मेमरीत साठवलेल्या नकाशात असतं. तो नकाशा म्हणजे एका ठरावीक तारखेला काढलेला फोटो समजा. फोटोनंतर पूल पडला, बायपास झाला, धरणाचं पाणी चढलं, तरी फोटो तसाच राहतो. तुम्ही कुठे आहात हे यंत्र अचूक सांगेल, पण तुमच्या समोर काय आहे ते मात्र जुन्या आठवणीवरून सांगेल.

मोबाईल असताना हे वेगळं यंत्र घेतं कोण?

तेल्हाऱ्यात दहापैकी नऊ जण रस्ता बघायला मोबाईलच काढतील, ते खरंय. पण लांबच्या पल्ल्याचे रायडर गार्मिनचा झुमो किंवा टॉमटॉमचा रायडर असं बाईकसाठीच बनवलेलं यंत्र वापरतात. पावसात भिजलं तरी चालतं, हातमोजे घालून स्क्रीन दाबता येतो आणि हादरे सहन होतात. हादऱ्यांचा मुद्दा किरकोळ नाही. मोठ्या इंजिनाच्या बाईकच्या हँडलवर आयफोन लावल्यास त्याच्या कॅमेऱ्याचं नुकसान होऊ शकतं, असा इशारा खुद्द ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता.

दुसरं कारण वऱ्हाडातल्या माणसाला लगेच पटेल. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाताना मोबाईलची रेंज कुठे जाते ते कळतही नाही. फोनमधला नकाशा आधी डाउनलोड केलेला नसेल, तर स्क्रीनवर नुसता राखाडी चौकोन दिसतो. यंत्रात नकाशा आतच असतो, त्यामुळे त्याला रेंज लागत नाही.

पण हीच त्याची ताकद आणि हीच अडचण. इंटरनेट लागत नाही, म्हणून ते स्वतःहून ताजं होत नाही. तुम्ही अपडेट केलं नाही, तर २०२१ मध्ये घेतलेलं यंत्र कायम २०२१ मध्येच राहतं.

काही वर्षांत इतकं काय बदलतं?

आपल्याच भागाचं बघा. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला. पाच दिवसांत रस्ता बदलला. शिवाय हा महामार्ग जुन्या लोकांच्या तोंडी आजही 'एनएच सिक्स' आहे, पण नव्या क्रमांकानुसार तो राष्ट्रीय महामार्ग ५३ झालाय. पाटीवर ५३ आणि स्क्रीनवर ६ दिसलं की अनोळखी माणूस गोंधळणारच.

समृद्धी महामार्ग घ्या. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. जुन्या नकाशात तो नाहीच. नव्या नकाशात आहे, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे नकाशा अपडेट केला आणि यंत्र कारच्या सेटिंगवर राहिलं, तर ते तुम्हाला थेट समृद्धीच्या टोलनाक्यावर नेऊन उभं करू शकतं. तिथून परत फिरावं लागेल.

नावंही बदलली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या नकाशात नवं नाव टाकलं तर 'सापडत नाही' असं उत्तर येतं. तेल्हारेकरांचा घोळ वेगळाच. शेजारच्या जळगाव जामोदला जायचंय आणि नुसतं 'जळगाव' टाकलं, तर यंत्र इमानदारीत खानदेशात नेईल.

चूक कधीकधी जिवावर बेतते

परत फिरावं लागलं तर पेट्रोल जातं. पण अंधारात परत फिरायची संधीच मिळाली नाही तर?

जानेवारी २०२१ ची गोष्ट. आपल्या अकोल्याची नव्हे, तर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याची. कळसूबाईला निघालेले तिघे रात्री नकाशा ॲपच्या भरवशावर कोतूळहून अकोल्याच्या रस्त्याला लागले. त्या रस्त्यावरचा पूल वर्षातले काही महिने पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली असतो. गावकऱ्यांना हे माहीत होतं, ॲपला नव्हतं. गाडी पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणाऱ्याचा मात्र जीव गेला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला. पुलाचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता, पण नकाशात पूल शाबूत होता.

या दोन्ही घटना चारचाकीच्या आणि नेटवर चालणाऱ्या ॲपच्या आहेत. सतत अपडेट होणाऱ्या नकाशाची ही गत, तर चार वर्षं हात न लावलेल्या यंत्राचा किती भरवसा धरायचा?

मग अपडेट करायचं कसं?

आधी एक फरक लक्षात घ्या. यंत्रात दोन गोष्टी अपडेट होतात. एक नकाशा आणि दुसरं यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर. फर्मवेअर का महत्त्वाचं, याचं उदाहरण ६ एप्रिल २०१९ चं आहे. जीपीएसची जुनी पद्धत आठवडे मोजते आणि १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्यावर येते. त्या दिवशी आकडा शून्यावर आला आणि जी जुनी यंत्रं अपडेट नव्हती, त्यांच्यात तारखेचा गोंधळ होऊ शकत होता. म्हणून दोन्ही अपडेट करायचे.

१. आधी तुमचा साठा वाचवा. सेव्ह केलेली ठिकाणं, जुन्या राईडचे ट्रॅक यांची कॉपी कॉम्प्युटरवर घ्या. या फाइली सहसा जीपीएक्स प्रकारच्या असतात.

२. अधिकृत सॉफ्टवेअरच वापरा. गार्मिनसाठी गार्मिन एक्सप्रेस, टॉमटॉमसाठी मायड्राइव्ह कनेक्ट. ते कंपनीच्या वेबसाईटवरूनच घ्या. नव्या मॉडेलमध्ये वायफायवरून थेट अपडेट होतं.

३. केबल डेटाची हवी. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. कॉम्प्युटरला यंत्र दिसत नसेल तर आधी केबल बदलून बघा.

४. जागा तपासा. नकाशाची फाइल काही जीबींची असते. जागा कमी असेल तर पूर्ण नकाशाऐवजी फक्त लागणारा प्रदेश निवडा किंवा यंत्राला चालणारं मेमरी कार्ड टाका.

५. लाईटचा भरवसा धरू नका. अपडेट अर्ध्यात असताना लाईट गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला, तर यंत्र सुरूच होत नाही अशी वेळ येऊ शकते. चार्ज केलेला लॅपटॉप वापरा आणि मध्येच केबल काढू नका. नेट हळू असेल तर रात्री लावून ठेवा.

६. शेवटी तपासा. यंत्र बंद करून चालू करा, सेटिंगमध्ये नकाशाची आवृत्ती बघा. मग ओळखीचा रस्ता टाकून पाहा. तेल्हारा ते अकोला टाकल्यावर काय येतं, हे तेल्हाऱ्याच्या माणसाइतकं कोण तपासणार? वाहन 'मोटरसायकल' आहे ना, हेही बघून घ्या.

पैसे लागतात का?

यंत्रासोबत 'लाइफटाइम मॅप' असेल तर नकाशाचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. पण हे लाइफटाइम तुमचं नाही, यंत्राचं. कंपनीने त्या मॉडेलचा सपोर्ट थांबवला की ते संपलं. यंत्र परदेशातून मागवलं असेल तर त्यात भारताचा नकाशा आहे का, हे घेण्याआधीच विचारा.

फुकटचा मार्गही आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पात जगभरातले लोक मिळून नकाशा बनवतात. त्यावरून तयार केलेले नकाशे गार्मिनच्या बऱ्याच यंत्रांत टाकता येतात.

आणि सावध राहा. नेटवर 'जीपीएस अपडेट' शोधलं की कंपनीच्या नावाने खोटी मदत केंद्रं चालवणारेही सापडतात. ते फोन करायला लावतात, कॉम्प्युटरचा ताबा मागतात आणि पैसे उकळतात. अपडेटसाठी ओटीपी, कार्डाचा नंबर किंवा स्क्रीन शेअर मागितला की फोन ठेवून द्या.

मोबाईलवाल्यांचं काय?

फोनमध्येही ऑफलाइन नकाशा हा फोटोच असतो. मेळघाटात शिरण्याआधी अकोटला किंवा परतवाड्याला रेंज असताना तो पुन्हा डाउनलोड करून घ्या. गुगल मॅप्समध्ये दुचाकीचा वेगळा पर्याय आहे. २०१७ मध्ये तो सर्वात आधी भारतातच आला. बाईकवर असताना तोच निवडा.

नकाशा ताजा ठेवतो कोण?

कंपनीचा नवा नकाशा आला म्हणजे त्यात तेल्हाऱ्याचा प्रत्येक रस्ता बरोबर असेलच असं नाही. पुण्या-मुंबईत रस्ता बंद झाला की हजारो फोन तिथे अडकतात आणि ॲपला लगेच कळतं. वान नदीकाठच्या गावात पूल खचला तर तिथून जाणारे फोनच मोजके. म्हणून तिथली खबर कोणीतरी द्यावी लागते. गुगल मॅप्समध्ये रस्ता बंद असल्याचं कळवता येतं, मॅपमायइंडियाच्या मॅपल्स ॲपमध्ये तक्रार नोंदवता येते, ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तर खातं उघडून स्वतःच दुरुस्ती करता येते. पाच मिनिटांचं काम आहे. रात्री अनोळखी रस्त्याने येणाऱ्या एखाद्याला त्याचा उपयोग होईल.

तोवर नियम सोपा आहे. राईडच्या आधी नकाशा अपडेट करा. पावसाळ्यात नदी ओलांडण्याआधी गाडी थांबवून कोणाला तरी विचारा. आणि स्क्रीनवर निळी रेष सरळ जात असली, पण रस्त्यावर दगड आडवे ठेवलेले दिसले, तर दगडांचं ऐका. ते आज सकाळी ठेवलेत, नकाशा मागच्या वर्षीचा आहे.