हाय-डेफिनिशन कॅमकॉर्डर : गुण आणि अपाय

कोणतेही औषध लिहून देताना आपण त्याचे गुण आणि अपाय एकत्रच तोलतो. घरात येणाऱ्या यंत्रांना मात्र ही कसोटी क्वचितच लावली जाते. गेल्या वीस वर्षांत हौसेने विकत घेतलेला आणि आता बहुधा कपाटात विसावलेला हाय-डेफिनिशन कॅमकॉर्डर हे त्याचे बोलके उदाहरण होय.

२००३ साली जेव्हीसीने घरगुती वापरासाठी असा पहिला कॅमकॉर्डर आणला. त्यानंतर २००५ मध्ये सोनीचा एचडीआर-एचसी१ आणि २००७ मध्ये कॅननचा एचव्ही२० आला. जुन्या डीव्ही कॅमेऱ्याच्या चित्रात सुमारे चार लाख बिंदू असत. पूर्ण हाय-डेफिनिशन चित्रात ते वीस लाखांहून अधिक असतात. लहानशा मिनी-डीव्ही कॅसेटवर तासाभराचे, म्हणजे सुमारे अकरा गिगाबाइटचे चित्रण मावू लागले. बारशाचा, मुंजीचा प्रसंग इतक्या स्पष्टपणे घरच्या पडद्यावर दिसणे ही त्या काळी अपूर्वाईच होती.

या यंत्राचे गुण आजही नाकारता येत नाहीत. दहापट जवळ आणणारे खरे भिंग त्यात असते. त्यामुळे शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतूनही आपल्या नातीचा चेहरा ओळखू येतो. ते तिपाईवर स्थिर उभे राहते आणि मध्येच कोणाचा फोन आला म्हणून थांबत नाही. काही नमुन्यांना बाहेरचा मायक्रोफोन जोडता येतो. हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा असूनही सर्वांत दुर्लक्षित राहिला.

आता अपाय पाहू. प्रकाश टिपणारा संवेदक लहान असल्याने मंद उजेडात चित्र दाणेदार होते. झरणी नरसिंहाच्या गुहेसारख्या ठिकाणी, जिथे भाविक अंधाऱ्या पाण्यातून चालत जातात, तिथे चित्रही येत नाही आणि यंत्रही धोक्यात येते. दुसरा दोष साठवणुकीचा. जागा वाचविण्यासाठी ही प्रणाली प्रत्येक चित्र संपूर्ण नोंदवत नाही. एक पूर्ण चित्र घेऊन पुढच्या चित्रांतील केवळ बदल टिपते. परिणामी टेपवरचा एक बारीक डागही जवळजवळ अर्ध्या सेकंदाचे दृश्य गिळून टाकतो. तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. टेप संगणकात उतरविण्यास फायरवायर जोड लागतो आणि नव्या संगणकांवर तो नसतो. सोनीने तर २०२५ च्या फेब्रुवारीत मिनी-डीव्ही कॅसेटचे उत्पादनच थांबविले.

बालरोगतज्ज्ञ म्हणून चलत्‌चित्राचे मोल मला वेगळ्या अर्थाने ठाऊक आहे. १८४१ साली डॉ. वेस्ट यांनी आपल्या तान्ह्या मुलाच्या झटक्यांचे वर्णन ‘लॅन्सेट’ला पत्राने कळविले, त्यांच्याजवळ शब्दांखेरीज साधन नव्हते. आजही झोपेतून उठताना बाळ वारंवार मान-हात आक्रसून घेते, तेव्हा ‘पोटात दुखते’ किंवा ‘दचकते’ असा समज होतो, आणि उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. मिनिटभराचे चित्रण पुष्कळदा योग्य तपासणीची दिशा दाखविते. तथापि या कामी कपाटातला उत्तम कॅमेरा निरुपयोगी आणि हाताशी असलेला मोबाइल उपयोगी ठरतो. पांघरूण काढावे, दिवा लावावा, संपूर्ण बाळ चौकटीत घ्यावे आणि ते चित्रण केवळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवावे. व्हॉट्सॲपच्या समूहांत ते फिरविणे हा त्या बालकावर अन्याय आहे.

मग कॅमकॉर्डरचे काम संपले काय? मला तसे वाटत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सीमारेषा बदलली, घरातली बोली बदलली नाही. कानडी आणि दखनी शब्द सहज सामावून घेणारी आपल्या आज्या-आत्यांची मराठी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आपली नातवंडे कानडी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. तो हेल त्यांच्या जिभेवर राहीलच असे नाही. मात्र २००५-१० च्या सुमारास चित्रित झालेल्या लग्नांच्या, गाणगापूरच्या यात्रांच्या टेपांत तो हेल कदाचित अजून जिवंत आहे. चित्र अंधुक असले तरी चालेल. आवाज मात्र पुन्हा मिळणार नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा : आज नवा कॅमकॉर्डर केवळ स्पष्ट चित्रासाठी घेऊ नये, त्यासाठी चांगला मोबाइल पुरेसा आहे. लांब पल्ल्याचे, दीर्घ चित्रण नित्य करणाऱ्यांनीच त्याचा विचार करावा. ज्यांच्या घरी जुना कॅमेरा आहे, त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी प्रत्येक टेप संगणकात उतरवून घ्यावी, दोन वेगळ्या ठिकाणी तिच्या प्रती ठेवाव्यात आणि कोण, कुठे, कोणत्या वर्षी, हे लिहून ठेवावे. घरात ऐंशी ओलांडलेले कोणी असेल, तर मायक्रोफोन त्यांच्याजवळ ठेवून तासभर त्यांना बोलू द्यावे. यंत्र दुरुस्त करणारे कारागीर आणि टेपवरचे चेहरे ओळखणारी माणसे दोन्ही हळूहळू कमी होत आहेत. लसीकरणाप्रमाणेच या कामाचीही एक ठरावीक मुदत असते आणि ती टळू देणे हिताचे नाही.