क्राऊनमधलं तेल

माझ्या मावसभावाने या उन्हाळ्यात एक जुनी डिझेल पिकअप घेतली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरायचे, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत कल्याण गाठायचं, हे तिचं काम. मीटरवरच्या आकड्यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नव्हता, कारण मीटर मागे फिरवता येतो. म्हणून व्यवहार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडे उभी केली. मिस्त्रीने बॉनेटला हातही लावला नाही. तो आधी मागच्या दोन चाकांच्या मध्ये, गाडीखाली शिरला.

"दादा, पहिला वरचा नट सुटतो का बघू," तो आतूनच म्हणाला. "खालचा सोडून तेल काढलं आणि भरायचाच नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी इथंच बसली." वरचा सुटला. मग खालचा सोडला. गाडी थोडी फिरवून आणलेली असल्याने तेल कोमट होतं आणि सरळ धारेने पाटीत पडलं. चांगलं असतं तर ते मधासारखं, फार तर काकवीसारखं दिसलं असतं. हे दुधाच्या चहासारखं होतं. तेलात पाणी गेलं होतं.

मागच्या आसाच्या मधोमध जो फुगीर लोखंडी गोळा दिसतो, त्यात डिफरन्शियल असतं. गॅरेजमध्ये त्याला क्राऊन म्हणतात आणि त्यातल्या तेलाला क्राऊन ऑइल. गाडीतलं सगळ्यात दुर्लक्षित तेल हेच. ते जळत नाही, म्हणून कमी होत नाही. त्याला बहुतेक गाड्यांत मापायची पट्टी नसते आणि त्याच्यासाठी डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. इंजिन ऑइल बदलल्याची चिठ्ठी काचेवर चिकटवणारे मालकही क्राऊनचा नट वर्षानुवर्षं उघडत नाहीत. म्हणूनच जुन्या गाडीचा खरा इतिहास तिथे साठून राहतो.

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिचा आख जागच्या जागी असतो आणि त्यावर दोन्ही चाकं आपापल्या गतीने फिरतात. आखाला वंगण घातलं की झालं. मोटारीत चाकांना फिरवणारी शक्ती आसातूनच येते, आणि तिथे अडचण उभी राहते. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? दोन चाकांतलं अंतर दीड मीटर धरलं, तर पूर्ण वर्तुळाच्या एका फेरीत सुमारे ९.४ मीटर. वर्तुळ अंगणाएवढं असो की मैदानाएवढं, हा फरक बदलत नाही, कारण तो फक्त चाकांमधल्या अंतरावर ठरतो. काटकोनात एक वळण घेतलं तरी बाहेरचं चाक जवळजवळ अडीच मीटर जादा चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असती, तर प्रत्येक वळणावर एक टायर फरफटला असता. ओनेझिफोर पेकर या फ्रेंच माणसाने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी यावर गिअरांची तोड काढली. क्राऊनच्या आतले छोटे गिअर दोन्ही चाकांना वेगळा वेग घेऊ देतात, मात्र दोघांची सरासरी क्राऊनच्या वेगाएवढीच राहते.

याच गुणाची दुसरी बाजू शेतात दिसते. एक चाक चिखलात अडकलं की तेच गरगर फिरत राहतं आणि कोरड्यावरचं चाक ढिम्म हलत नाही. अशा वेळी आतले छोटे गिअर आपल्या पिनेवर, एरवी कधी फिरत नाहीत इतक्या वेगाने फिरतात. ॲक्सिलरेटर दाबून धरणाऱ्या ड्रायव्हरला दिसतो तो उडणारा चिखल. पिनेवर काय बेततं, ते पुढे कधीतरी नट उघडल्यावर कळतं.

या तेलाची खरी कसोटी मात्र क्राऊनचं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारा प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, यांच्या दातांमध्ये लागते. जुन्या रचनेत पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर यायचा. अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या ग्लिसन कारखान्याने पिनियन मध्यापासून खाली सरकवण्याची पद्धत विकसित केली. तिचं नाव हायपॉइड. १९२६ साली पॅकार्डने ती आपल्या मोटारीत आणली. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली आला, गाडीची बैठक खाली आली, दातांचा आवाज कमी झाला. पण दात आता एकमेकांवर नुसते लोळत नव्हते, ते लांबीच्या दिशेने घासतही होते. क्रेटांनी भरलेल्या गाडीत तेवढ्याशा दातांवर इतका दाब येतो की साधं तेल मधून पिळून निघतं. धातू धातूला भिडतो, सूक्ष्म उंचवट्यांवर क्षणभर शेकडो अंशांचं तापमान तयार होतं आणि दोन पृष्ठभाग चिकटून एकमेकांचे लचके तोडतात.

यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळलेली असतात. एरवी ती शांत असतात. जिथे घर्षणाने चटका बसतो नेमक्या तिथेच ती लोखंडाशी संयोग पावतात आणि अतिशय पातळ, मऊ थर तयार होतो. पुढच्या घासण्यात तो थर झिजतो, खालचं पोलाद वाचतं, पुन्हा थर धरतो. म्हणजे जखम होऊ घातली तिथेच खपली धरण्यासारखं हे आहे. क्राऊन ऑइलचा तो उग्र वास, हातावरून दोन दिवस जात नाही तो, याच गंधकाचा. एके काळी यासाठी गंधक मिसळलेलं स्पर्म व्हेलचं तेल वापरत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्यावर बंदी घातल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. ही संयुगं कामात खर्च होत जातात. डब्यातलं तेल दिसायला तेवढंच राहतं, त्यातलं औषध मात्र संपतं.

गॅरेजमध्ये हे तेल मागताना 'नव्वद नंबर' म्हणतात. इंजिनच्या चाळीस नंबरपेक्षा ते दुपटीहून दाट असेल, असा समज सर्रास आढळतो. तसं नाही. गिअर ऑइलची मोजपट्टीच निराळी आहे. गरम झाल्यावर नव्वद नंबरचं तेल साधारण इंजिनच्या चाळीस ते पन्नास नंबरइतकंच दाट असतं.

आता पाणी गेलं कुठून? मिस्त्रीने आसावरची सुपारीएवढी टोपी दाखवली. तिला ब्रीदर म्हणतात. आतली हवा तापून फुगली की बाहेर जायला ही वाट. ती मातीने बुजली होती. घाट चढून ८० अंशांपर्यंत तापलेला आस फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात शिरला आणि ३० अंशांवर आला, तर बंद पोकळीतला दाब सुमारे १४ टक्क्यांनी उतरतो. मग आस पाणी अक्षरशः ओढून घेतो, सीलच्या कडेने. आधीच्या मालकाची गाडी पावसाळ्यात पाण्यातून जात होती, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तेलाने सांगितलं.

खालच्या नटाला चुंबक होतं. त्यावर राखाडी लोणी लागलेलं होतं. बोटावर चोळून मिस्त्री म्हणाला, "पीठ आहे, कणी नाही." बारीक लगदा ही रोजची झीज असते. टोचणारी कपची निघाली असती, तर दात किंवा बेअरिंग गेलं असं समजायचं. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला.

नवं तेल वरच्या भोकाच्या कडेला टेकेपर्यंत भरलं, त्याहून थेंब जास्त नाही. जास्त भरलं तर ते फेसाळतं आणि सीलमधून निसटून ब्रेकच्या लायनरवर जातं. उरलेलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतायला मावसभाऊ निघाला होता. मिस्त्रीने हात धरला. क्राऊनला लागणाऱ्या जीएल-५ प्रतीच्या तेलात ती गंधकाची औषधं गिअरबॉक्सच्या जीएल-४च्या सुमारे दुप्पट असतात. ती गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगना खाऊ शकतात. डबा सारखा दिसला, तरी गाडीच्या पुस्तकात लिहिलेली प्रतच घालायची.

घाट उतरणाऱ्याने सर्वांत जास्त जपायचं ते ब्रेक ऑइल. नावात ऑइल असलं तरी हा ग्लायकॉल वर्गातला द्रव आहे आणि तो हवेतला ओलावा शोषतो. नवा डॉट ३ प्रतीचा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ मध्ये हे आकडे २३० आणि १५५ आहेत. माळशेज भरल्या गाडीने सतत ब्रेक दाबत उतरला, तर चाकाजवळचा द्रव तिथवर तापू शकतो. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाखालचं पेडल मग तळाला जातं आणि चाकांपर्यंत काहीच पोहोचत नाही. दोन वर्षांनी हा द्रव बदलायचा खर्च फार नाही. आमच्या गाडीतला काळपट झाला होता. तो शेवटच्या थेंबापर्यंत काढला.

इंजिन ऑइलचं फार बोलत नाही. डिझेल गाडीत ते नवं घातल्यावर काही दिवसांतच काळं होतं, कारण काजळी तरंगत ठेवणं हेच त्याचं काम. काळेपणावरून त्याची परीक्षा करू नये. रेडिएटरमध्ये कुणीतरी बोअरचं जड पाणी भरलं होतं. ते धुऊन कुलंट घातलं. कुलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं. सांडलेलं कुत्र्या-गुरांनी चाटलं तर जिवावर बेततं. त्या जागी आम्ही माती टाकून ती उचलली.

निघालेलं जळकं ऑइल गावात कुणी ना कुणी मागतंच, वाळवी लागलेल्या लाकडाला लावायला किंवा शटरिंगला. आम्ही दिलं नाही. त्यात घातक कार्बनी संयुगं असतात, जमिनीत मुरलं तर विहिरीपर्यंत जाऊ शकतं. मिस्त्रीच्या पिंपात ते गेलं, तिथून परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याकडे.

हजार किलोमीटरनंतर क्राऊनचा नट पुन्हा उघडला. कोपऱ्यात राहिलेलं पाणी नव्या तेलात उतरलंच होतं, रंग किंचित ढगाळ. तेही काढून टाकलं, पुन्हा नवं भरलं. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड मिस्त्रीने हौद्याखाली उंच बांधून ठेवलं. मावसभावाने पांढऱ्या रंगाने चॅसिसवर तारीख आणि किलोमीटर लिहिले. पहिला पाऊस झाल्यावर, फरशीवरून दोन-चार खेपा झाल्या की, पुन्हा तो नट सोडून बघायचं आहे.