बॉल हातात नसताना

सकाळी साडेसहाला काशीमीरा नाक्यावर घोडबंदर रोडकडे वळणाऱ्या ट्रेलरची रांग लागलेली असते. तिथून रिक्षाने पाच मिनिटांवर, एका गृहसंकुलाच्या मागे सिमेंटचं कोर्ट आहे. वर बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेषा, त्याखाली बॉक्स क्रिकेटच्या पिवळ्या, आणि सगळ्यात तळाला, शोधल्या तरच सापडणाऱ्या, बास्केटबॉलच्या. रिंगला जाळी नाही. बॉल आत गेला तर कुणाला कळत नाही. रिंगवर आपटला तर मात्र सगळी बिल्डिंग जागी होते.

पंधरा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या संघात फॉरवर्ड खेळतो. का? तर वर्गात सगळ्यांत उंच म्हणून. आपल्याकडे बहुतेक फॉरवर्ड असेच घडतात. आल्या आल्या तो 6.75 मीटरच्या रेषेमागे जाऊन थ्री-पॉइंटर मारायला लागतो. दहातले दोन जातात. सर कट्ट्यावर बसून चहा संपवतात.

‘‘झालं समाधान? आण तो बॉल इकडे.’’

पुढची वीस मिनिटं बॉल त्याच्या हाती येत नाही. सर तो मधल्या वर्तुळाच्या केंद्रावर ठेवतात आणि दोघांना समोरासमोर उभं करतात. शिट्टी वाजल्यावर फॉरवर्डने पाठ करून समोरच्याला तीन सेकंद बॉलपासून दूर ठेवायचं, हात न लावता. हेच बॉक्स आउट. समोरचा मुलगा वीतभर बुटका, पण चपळ. तीनदा तो बगलेतून सटकतो, कारण आपल्या गड्याची नजर बॉलवर. ‘‘बॉलकडे काय बघतोस? तो कुठे जात नाहीये. हा जातोय!’’ चौथ्या खेपेला मुलगा पाय फाकवतो, कंबर खाली नेतो, पाठीने समोरच्याचा अंदाज घेत सरकत राहतो. तीन सेकंद होतात. बुटका वैतागून त्याला ढकलतो. ‘‘फाउल,’’ सर शांतपणे म्हणतात. ‘‘असे पाच झाले की बाकावर.’’

रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चुकलेला बॉल, उंचीने मिळतो ही समजूत शाळेच्या पातळीवर पुरते, पुढे नाही. एनबीएत डेनिस रॉडमन 1991-92पासून सलग 7 हंगाम रिबाउंडमध्ये पहिला होता. त्याची उंची साधारण 2 मीटर, म्हणजे तिथे रिंगखाली खेळणाऱ्यांत बेताचीच. सरावात सहकाऱ्यांच्या हातून सुटलेला बॉल किती गिरक्या घेतो हे तो बघत बसायचा. चुकलेला बॉल कुठे पडणार याचा अंदाज त्याला त्यातून यायचा. सर त्याची सोपी आवृत्ती शिकवतात. कोपऱ्यातून मारलेला फटका चुकला तर बॉल बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो. लांबून मारलेला लांब उसळतो.

मग पायांचा धडा. सर झाडाखालचं एक पिंपळपान उचलून मुलाच्या चवड्याखाली ठेवतात. त्या पायावर गोल फिरायचं. ‘‘पान फाटलं पाहिजे, सरकता कामा नये.’’ पिव्हट फूट म्हणजे काय, हे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा या पानाने लवकर समजतं. पहिली चार पानं सरकतात. पाचवं जागच्या जागी चुरगळतं.

बॉल परत मिळतो तो थेट रिंगजवळ. मुलाचा शॉट सपाट जातो, आणि इथे भूमिती आडवी येते. रिंगचा व्यास 45 सेंटीमीटर, बॉलचा साधारण 24. बॉल 45 अंशांनी उतरला तर त्याच्या वाटेत सुमारे 32 सेंटीमीटरची फट असते. तोच 30 अंशांनी आला तर ती साडेबावीसवर येते. म्हणजे बॉल कशालाही न लागता आत जाणं शक्यच नाही. बाजूने मारताना मात्र बोर्डचा आधार घ्यावा. बोर्डवरचा चौकोन त्यासाठीच असतो. इथला चौकोन कुणी तरी हाताने रंगवलाय आणि तो किंचित तिरका आहे. मुलाने तेवढा हिशेब मनात धरलाय.

सर तरुणपणी नागपाड्याला खेळायला जायचे. मुंबईचा बास्केटबॉल म्हटलं की अजूनही तेच नाव आधी निघतं. 1970चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर तिथलेच. सरांना तिथलं आठवतं ते मात्र एकच. गल्लीत जागा कमी आणि खेळणारे फार, त्यामुळे बॉल वाट्याला यायचा तो क्षणभर. उरलेला वेळ जागा धरण्यात जायचा.

साडेसात वाजतात. चौथ्या मजल्यावरून क्लासची आठवण करून देणारी हाक येते. मुलगा शेवटचा एक शॉट मारतो, कोपऱ्यातून, आणि तो चुकणार हे हातातून सुटतानाच कळल्यासारखा पलीकडे धाव घेतो. बॉल रिंगवर आपटतो, दोनदा नाचतो आणि मारला त्याच बाजूला उसळून पार्किंगमधल्या स्कूटरखाली जातो.

‘‘बहुतेक वेळा, असं म्हणालो होतो,’’ सर कट्ट्यावरून उठतात. ‘‘जा, काढ तो.’’