मांजराच्या पिसवा: औषध लावण्याआधी 'पर्मेथ्रिन' आहे का ते पाहा

घोट्याभोवती दोन-तीन खाजरे लाल पुरळ, बरेचदा एका ओळीत, आणि घरात मांजर आहे असे कळले की पिसवांचा संशय येतो. तुमच्या खाजेचा इलाज सोपा असतो: साबणाने धुणे, थंड पट्टी, फार खाज असेल तर डॉक्टरांना विचारून अॅलर्जीची गोळी. पिसू माणसाच्या अंगावर मुक्काम करत नाही. म्हणून खरे औषध मांजराला लागते, आणि धोकाही तिथेच असतो.

"खरजेचे मलम उरले आहे, मांजराला लावू का?" असे रुग्ण सहज विचारतात. लावू नका, थोडेसुद्धा नाही. त्या मलमात बहुधा 5 टक्के पर्मेथ्रिन असते. आम्ही ते 2 महिन्यांच्या बाळालाही देतो, त्यामुळे मांजराला काय होणार, असे वाटणे साहजिक आहे. पण माणसाचे आणि कुत्र्याचे यकृत पर्मेथ्रिन लवकर निकामी करते. मांजराच्या यकृतात ही क्षमता फार कमी असते, त्यामुळे औषध शरीरात साठते आणि मज्जातंतूंवर परिणाम करते. (पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, तेही यकृताच्या याच उणिवेमुळे.)

कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन 40 टक्क्यांहून जास्त असते. कुत्र्याचे आहे, अर्धेच टाकू, हा हिशेब मांजराच्या जिवावर बेतू शकतो. गोठ्यात वापरायची गोचिडाची औषधे, फिनेल आणि टी ट्री तेलही मांजराला वापरू नका. घरात कुत्राही असेल आणि त्याला असे औषध लावले असेल, तर मांजराला त्याच्याजवळ झोपू किंवा त्याला चाटू देऊ नका. किती दिवस, ते पशुवैद्यांना विचारा.

चुकून लागलेच तर काही तासांत, क्वचित दोन-तीन दिवसांनीही, कान व चेहरा फडफडणे, लाळ गळणे, झोकांड्या, थरथर आणि झटके दिसतात. लक्षणांची वाट पाहू नका. मांजर शुद्धीत असेल आणि झटके येत नसतील तर कोमट पाण्याने व भांडी धुण्याच्या सौम्य साबणाने अंग धुवा, कोरडे करून टॉवेलमध्ये गुंडाळा, चाटू देऊ नका. उलटी करवू नका. औषधाचे पाकीट घेऊन लगेच पशुवैद्यांकडे जा. उतारा असा नाही, पण थरथर व झटके थांबवणारी औषधे वेळेत मिळाली तर बरीच मांजरे वाचतात.

मग लावायचे काय? पाकिटावर 'मांजरांसाठी' असे लिहिलेले, वजनानुसार निवडलेले फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन पशुवैद्यांच्या सल्ल्याने वापरा. मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर टाका. नंतर हात धुवा, आणि जागा वाळेपर्यंत लहान मुलांना मांजर कुरवाळू देऊ नका. 8 आठवड्यांखालच्या पिल्लाला फक्त बारीक दातांच्या फणीने विंचरा.

पिसवांची अंडी, अळ्या आणि कोष मांजराच्या अंगावर नव्हे, तर सतरंजीत, सोफ्याच्या फटीत असतात. अंथरुणे गरम पाण्यात धुवा, कोपरे रोज झाडा. कोष काही महिने तग धरतात, त्यामुळे औषधानंतरही काही आठवडे एखादी पिसू दिसली तर घाबरून दुसरे औषध वर लावू नका.

आणि तुम्ही स्वतः खरजेचे मलम लावले असेल, तर सकाळी आंघोळ करून ते धुऊन टाकेपर्यंत मांजराला अंथरुणात घेऊ नका.