न फुटलेलीं अंडीं फोडून पाहावीं

घरच्या लहान यंत्रांत अंडीं उबवीत ठेवावीं आणि एकविसाव्या दिवशीं निम्मींसुद्धां पिलें निघूं नयेत, हा अनुभव पुष्कळांस येतो. मग कोणी यंत्रास दोष देतो, कोणी अंडीं देणारास. आणि न फुटलेलीं अंडीं उकिरड्यावर जातात. आमच्या मतें खरी चूक ही शेवटचीच होय. पिलूं कां मेलें याचा पुरावा त्या टाकलेल्या अंड्यांतच असतो.

सातव्या दिवशीं अंधारांत प्रत्येक अंडें दिव्यापुढें धरावें. आंत कांहींच दिसलें नाहीं तर तें बहुधा फलित नव्हतें. आठ-दहा कोंबड्यांमागें एक जवान कोंबडा आहे कीं नाहीं हें पाहावें. रक्ताचें कडें दिसलें तर गर्भ पहिल्या तीन-चार दिवसांतच मेला, व दोष बहुतकरून अंडें यंत्रांत जाण्यापूर्वींचा असतो.

हा पूर्वींचा दोष आमच्या भिंगारकडे फार घडतो. चैत्र-वैशाखांत येथें दुपारीं पारा ४० अंशांपर्यंत चढतो. पत्र्याखालच्या टोपलींतील अंड्यांत, कोणी न उबवितांच, गर्भ वाढूं लागतो व रात्रींच्या गारव्यानें खुंटतो. असें चार-सहा दिवस चाललें म्हणजे त्यांतून धड पिलूं कोठून निघणार ? आम्हीं स्वतः एका वैशाखांत दहा दिवस सांठविलेलीं ३० अंडीं ठेवलीं, ९ पिलें मिळाल्यावर महिनाभर यंत्र विकणारास बोल लावला, आणि पुढें त्याच यंत्रांत ताजीं अंडीं उत्तम निघालीं तेव्हां खजील झालों. सात दिवसांहून जुनें अंडें ठेवूं नये. तोंवर तें सावलींत, ओल्या वाळूवर मांडलेल्या कोरड्या मडक्यांत, निमुळतें टोंक खालीं करून ठेवावें. फ्रिजमध्यें नको, तेथील थंडी गर्भास बाधते.

बाविसाव्या दिवसानंतर उरलेलीं अंडीं रुंद टोंकाकडून फोडावीं. दुर्गंधि येते, पण त्यास इलाज नाहीं. पूर्ण वाढलेलें पिलूं मेलेलें आढळलें तर ओलाव्याकडे पाहावें. आमचा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. उन्हाळी वारा अंड्यांतलें पाणी भराभर शोषून घेतो. आंतली पातळ त्वचा चामड्यासारखी सुकून पिलास चिकटली असेल तर ओलावा कमी पडला. उलट पिलूं फुगलेलें, चिकट द्रवानें माखलेलें आणि हवेची पोकळी लहान असेल तर तो अधिक झाला; हें पावसाळ्यांत घडतें. याचा निवाडा तराजू करतो : ५० ग्रॅमचें अंडें अठराव्या दिवसापर्यंत ६ ते ७ ग्रॅम घटलें पाहिजे. त्यासाठीं प्रथम १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के व पुढें ६५ ते ७० टक्के राखावी. पाणी खोल असून उपयोग नाहीं, भांडें पसरट हवें. कित्येक लोक यंत्रावर ओलें गोणपाट पांघरतात. त्यानें हवेचीं भोकें बुजून पिलें गुदमरतात.

उष्णता पंख्याच्या यंत्रांत ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस, बिनपंख्याच्या यंत्रांत अंड्यांच्या माथ्याशीं सुमारें ३८.५ अंश असावी. पिलें एकोणिसाव्या दिवशींच निघूं लागलीं तर ती जास्त, तेविसाव्यापर्यंत रेंगाळलीं तर कमी. यंत्रावरील आंकड्यावर न विसंबतां थर्मामीटर कोमट पाण्यांत तापाच्या थर्मामीटरशीं ताडून पाहावा. मिसर देशांतले जुने उबवणीवाले अंडें पापणीस लावून उष्णता अजमावीत. तें कसब आमच्यापाशीं नाहीं. वीज तास-दोन तास गेली तर झांकण न उघडतां स्वस्थ बसावें. थोड्या गारव्यापेक्षां फाजील ऊब गर्भास लवकर मारते.

इतक्यानेंही उलगडा न झाल्यास एकाच खुराड्यांतलीं, एकाच दिवशींचीं वीस अंडीं घ्यावीं; दहा खुडूक कोंबडीखालीं व दहा यंत्रांत ठेवावीं. कोंबडीखालचीं निघालीं आणि यंत्रांतलीं मेलीं, तर दोष यंत्राच्या व्यवस्थेंत. दोहींकडे सारखीच दशा झाली, तर कोंबडा, खाद्य व सांठवण तपासावी. अंड्यांवर खूण पेन्सिलीनें करावी, शाईनें नव्हे.