गोठ्याजवळची धामण

गळीत हंगामात फडाची शेवटची सरी तुटली की रानात थारा उरत नाही. वर्षभर उसाच्या गारव्यात राहिलेलं लांबडं मग बांधाच्या कडेने वस्तीकडे सरकतं. गोठ्यामागचा पाचटाचा ढीग, सरपणाची रास, चाऱ्याची गंजी, जुन्या विटांची चळत, जिथे उंदीर तिथे ते मुक्काम करतं. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांखालच्या बागायती पट्ट्यात हे कोणाला नवीन नाही. आणि दिवसाढवळ्या दिसणारं मोठं लांबडं पुष्कळदा धामणच असतं.

धामण सहा-सात फूट सहज भरते, एखादी त्याहूनही लांब. एवढं लांब धूड पाहून घरात आरडाओरडा होतो, आणि काठ्या-कुऱ्हाडी घेऊन चार माणसं धावतात. खरं तर तिला विष नसतं. चावली तर रक्त येतं, दुखतं, जखम धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं, एवढंच. पण तिच्याविषयीच्या गोष्टी फार! ती म्हशीच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते म्हणतात. सापाला चोखायला ओठ नसतात, दात आत वळलेले आणि टोकदार असतात; ते सडाला लागले तर म्हैस उभी राहील का? सकाळी दूध कमी आलं तर धामणीच्या नावाने बोटं मोडण्याआधी कास चाचपून पाहावी. दगडी झाली असेल, तर पशुवैद्यकाला बोलवायला उशीर नको.

दुसरी गोष्ट, धामण ही नागाची बायको. पावसाळ्याच्या तोंडाला दोन साप अर्धं अंग उभं करून एकमेकांना पीळ घालताना दिसतात. लोक त्यावर कोरं कापड टाकतात, हात जोडतात. त्या बहुधा दोन नर धामणी असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. नाग निराळा, धामण निराळी. शेपटीचा फटका बसला की अंग सडतं, हीही ऐकीव गोष्ट.

आता हिशोबाचं बोलू. घुशी आणि उंदीर उसाचा बुडखा कुरतडतात, कांडी पडते, वाळते. चारीच्या भरावाला बिळं पाडतात आणि रात्रीचं पाणी भलतीकडे जातं. धामण या बिळात शिरून उंदीर पिलांसकट खाते. आपण खाऊन-पिऊन गडी ठेवला तरी तो हे काम करणार नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे, मारणं हा गुन्हा आहे.

तरीही लेकरांच्या घरात ती नको, हे आम्हालाही मान्य. तर तिचं पोट जिथे भरतं ते आधी बंद करा. पाचट आणि सरपण घराच्या भिंतीला लावू नका, धान्याची कणगी जमिनीपासून उंच ठेवा, पेंडीची पोती उघडी टाकू नका, भिंतीची बिळं बुजवा. उंदीर गेले की धामण आपोआप बांधाला परतते. घरातच अडकली असेल तर माणसं मागे घ्या, बाहेरचं दार उघडं ठेवा. तरी निघेना, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

इथे एक धोका आहे. कोंडीत सापडलेली धामण मान फुगवून गुरगुरते, तेव्हा ती नाग वाटते. तसाच एखादा नाग फणा न काढता गेला, तर धामण वाटतो! धामणीचे डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. पण एवढं निरखायला कोण जवळ जाणार? जाऊही नये. घोणस मात्र ध्यानात ठेवा: जाड अंग, चपटं तिकोनी डोकं, पाठीवर साखळीसारखे ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार. ती पळत नाही, पाचटात तशीच पडून राहते. खात्री नसेल तर लांबडं विषारीच धरायचं. पुण्याचे नीलिमकुमार खैरे 1980 मध्ये 72 विषारी सापांसोबत 72 तास काचेच्या खोलीत राहिले. दुखावल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांनी दाखवलं. पण तो त्यांचा अभ्यास होता. गावातल्या पोरांनी साप गळ्यात घालून फोटो काढायचं ते कारण नव्हे.

2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी तरी जून ते सप्टेंबर या महिन्यांतली. चावलंच तर घट्ट दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, मिरची किंवा लिंबाचा पाला खायला देऊन परीक्षा घेऊ नका, देवळात थांबू नका. अंगठी, कडं काढा, चावलेला हात-पाय फळकुटाला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. 108 ची गाडी येईना तर मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून सरकारी रुग्णालय गाठा. तिथली प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. घोणस चावल्याचा संशय असेल तर डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवतात. ते गोठलं नाही तर लस देतात. तेवढा वेळ नातेवाइकांनी घाई करून त्यांना भंडावू नये.

अखेर आपल्या तोडणी टोळ्यांविषयी. कोप्यांत ही माणसं लेकरांसह भुईवर निजतात, आणि मण्यार रात्रीच फिरते. तिचा चावा मुंगी डसल्यासारखा, पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. खाट देणं जमत नसेल तर मच्छरदाणी तरी द्यावी, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचायला सांगावं. टोळी रानात उतरली की मुकादमाला बरोबर घेऊन कोप्यांतल्या मच्छरदाण्या एकदा मोजून घ्या.